बैल का मेला आणि राऊटर का जळला

दसरा उरकला होता, दिवाळीला पंधरा-एक दिवस होते, आणि मी सोयाबीन काढायच्या नावाखाली चार दिवस सुट्टी टाकून गावी गेलो होतो. नावाखाली अशासाठी म्हटलं की मला शेतात कुणी काही करूच देत नाही, "तू ऱ्हाऊ दे, तुला जमायचं न्हाई" म्हणतात, मग मी आपला पाण्याचा कॅन नेणे आणि ताडपत्रीचं एक टोक धरून उभं राहणे एवढ्यापुरता.

गाव बालाघाटच्या रांगेत, खाली काळी जमीन आणि वर चढत गेलं की मुरमाड. चारपर्यंत अंगाची लाही होईल असं ऊन आणि साडेचारला उगवतीकडून आभाळ असं काळंनिळं होऊन आलं की सगळेच बनीम झाकायला पळाले (सोयाबीनच्या गंजीला आमच्याकडे बनीम म्हणतात, पुण्यातल्या मित्रांसाठी सांगितलं). परतीचा पाऊस असाच, जूनच्या पावसासारखा दिवसभर रिपरिप करत बसत नाही, अर्धा तास येतो आणि तेवढ्यात काय करायचं ते करून जातो.

पाऊस धड सुरूही झाला नव्हता. चार टपोरे थेंब पडले, आणि मला आठवतंय ते असं की आधी कापड फाटल्यासारखा चर्र आवाज झाला, सगळं पांढरं झालं आणि मग दणका, कानात नाही, छातीत बसला तो. बांधावरच्या लिंबावर वीज पडली होती. लिंबापासून पंधरा-सोळा फुटांवर तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची, बैलजोडी दोन खुंटांना बांधलेली. मोऱ्या जागच्या जागी आडवा. अंगावर जखम नाही, भाजल्याची खूण नाही, काही नाही, नुसता आडवा. तांबड्या शेजारीच उभा, थरथर कापत होता पण उभा. तात्या पन्नासेक पावलांवर होते, ते मटकन खाली बसले, नंतर म्हणाले पायातून मुंग्या गेल्या कमरेपर्यंत.

पुढचं सगळं नेहमीचं, पशुवैद्यकीय डॉक्टर, तलाठी, पंचनामा, फोटो. रात्री घरी आलो तर तिथे वेगळाच कार्यक्रम. घर त्या लिंबापासून तीनशे मीटर तरी लांब असेल, पण राऊटर मेलेला, टीव्हीचा सेटटॉप बॉक्स मेलेला, बोअरच्या स्टार्टरमधून जळका वास. गंमत म्हणजे त्याच बोर्डावर लावलेला आईचा मिक्सर ठणठणीत.

ओट्यावर बसल्यावर तात्यांनी मला विचारलं, तू वायरीचं शिकलायस ना, मग सांग, दोघं जोडीनं उभे, झाड एक, वीज एक, मग ह्यालाच का नेलं? कोणीतरी म्हणालं त्याची वेळ भरली होती. मी तेव्हा गप्प बसलो, कारण ती वेळ समजावून सांगायची नव्हती. पण डोक्यात ते राहिलंच. मी डिप्लोमा इलेक्ट्रिकल, सोळा वर्षं पुण्यात इलेक्ट्रिक पॅनल बनवायच्या धंद्यात, आणि अण्णा म्हणजे माझे वडील लाइनमन म्हणून रिटायर झालेले, तर या प्रश्नाचं उत्तर घरात असायलाच हवं. आणि आहे. बैल मेला त्याच कारणाने राऊटर मेला, आणि डीपी, म्हणजे गावाला लाइट देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, तीही त्याच कारणाने जाते. ते सांगायला हा सगळा खटाटोप, जरा लांबण लागेल.

आधी वीज येते कुठून. उन्हाने तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते, ढग होतो, तो बारा-पंधरा किलोमीटर उंच वाढतो. इतक्या उंचीवर पाणी शून्याच्या खाली जाऊनही लगेच गोठत नाही, थेंब तसेच राहतात आणि त्यांच्यातच साबुदाण्याएवढ्या मऊ गारा आणि बर्फाचे बारीक कण असतात. गारा जड, खाली यायला बघतात, बारीक कण हलके, हवेच्या झोताबरोबर वर जातात, आणि येता-जाता ते एकमेकांवर घासतात. साधारण उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात या घासाघासीत गारांकडे ऋण भार जमतो आणि बर्फाच्या कणांकडे धन. म्हणजे ढगाच्या मधल्या-खालच्या भागात ऋण, माथ्यावर धन. दिवाळीच्या फुग्याने केस उभे राहतात त्याच जातीचं काम, फक्त फुगा काही किलोमीटरचा. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच निपटतात, खाली येतात त्या कमीच.

खाली येणारी जी असते तिच्याबद्दल एक गोष्ट कळली ना की अर्धे गैरसमज जातात. ती एका दमात खाली येत नाही. जिना उतरल्यासारखी येते, पन्नासेक मीटरची एक उडी, मग सेकंदाचा काही लाखावा भाग थांबा, मग पुढची उडी, वाटेत फाटे फुटत. या वेळी ती आपल्याला दिसतही नाही नीट. आणि खाली काय आहे, मंदिराचा कळस की मोबाइलचा टॉवर की डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेली बाई, हे तिच्या गावीही नसतं, जमिनीपासून शंभरेक मीटरच्या आत येईपर्यंत. तेवढी जवळ आली की मग जमिनीवरच्या टोकदार, उंच गोष्टींमधून, झाडातून, खांबातून, कधी माणसाच्या डोक्यातूनसुद्धा, एक एक ठिणगीचा धागा वर जायला लागतो. त्यातला जो आधी गाठेल त्याच्याशी जोड होते, आणि जोड झाली की आपण ज्याला वीज म्हणतो तो लखलखाट होतो, तो खरं तर खालून वर पळतो, प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याने. करंट साधारण ३०,००० अँपिअर, कधी त्याच्या कितीतरी पट. घरातला गिझर १० अँपिअर घेतो, यावरून समजा. ती वाट ३०,००० अंशांपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट, हवा फुटल्यासारखी फुगते आणि तो गडगडाट. त्याच वाटेने तीन-चार वेळा झटके येतात म्हणून वीज लुकलुकल्यासारखी दिसते.

इथे हटकून कोणीतरी विचारतं की एवढी ताकद आहे तर साठवून का ठेवत नाहीत. अहो एका विजेत धरा एक अब्ज ज्यूल. युनिटमध्ये काढा, २८० युनिट येतात. दोन-अडीच हजारांचं बिल. त्यातलंही बरंचसं उजेड, उष्णता आणि आवाजात गेलेलं. एवढ्यासाठी कोण शेतात टाकी लावून बसणार. वीज भारी आहे ती तिच्या घाईमुळे, सेकंदाच्या काही लाखाव्या भागात सगळं उरकते म्हणून.

आता मोऱ्याकडे येतो.

आपल्याला शाळेपासून सांगितलंय की जमीन म्हणजे शून्य, वीज जमिनीत गेली की विषय संपला. संपत नाही, तिथूनच सुरू होतो. ३०,००० अँपिअर लिंबाच्या बुडाशी जमिनीत शिरले, ते चारी बाजूला पसरणार, आणि जमीन काही तांब्याची तार नाही, तिला विरोध आहे, मुरमाड असेल तर जास्तच. त्यामुळे झाडाच्या बुडाशी व्होल्टेजचा एक डोंगर उभा राहतो. बुडाशी शिखर, जवळ उभा कडा, लांब जाल तसा उतार सपाट होत जातो. पाणलोटाच्या कामात समतल चर खणलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हे लगेच कळेल, डोंगराभोवती एका उंचीने फिरणारी रेघ म्हणजे समतल, आणि त्या रेघेला आडवं गेलात की चढ किंवा उतार.

मोऱ्या झाडाकडे तोंड करून उभा होता. पुढचे पाय चढावर, मागचे उतारावर. तांबड्या झाडाला कूस देऊन उभा होता, म्हणजे समतल चरात. एवढाच फरक.

मी आकडे घालून पाहिले, ढोबळच. मुरमाड जमीन १०० ओहम-मीटरची धरली, करंट ३०,०००. झाडापासून ५ मीटरवर व्होल्टेज येतं पंच्याण्णव हजारांच्या आसपास, साडेसहा मीटरवर त्र्याहत्तर हजार. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर अंतरावर, म्हणजे पायापायांत २२,००० व्होल्टचा फरक, आणि मध्ये काळीज. तांब्या-पितळेच्या तारेसारखा तो सगळा देह मध्ये जोडला गेला. तांबड्याचे चारही पाय जवळजवळ एकाच अंतरावर, त्यालाही बसलंच, पण फार कमी, आणि काळजातून नाही. माणूस तिथेच, त्याच ५ मीटरवर, एक फूट पाय फाकवून उभा असता तर पाच हजारांच्या वर फरक आला असता, पाय जुळवून उभा असता तर हजाराच्या आत. आणि ५० मीटरवर फूटभर पाय फाकलेल्या माणसाला पन्नास-साठ व्होल्ट. तात्यांच्या मुंग्यांचा हिशोब तिथे लागतो. माणसाचं अजून एक नशीब, एका पायातून शिरलं आणि दुसऱ्यातून निघालं तर काळीज वाटेत येत नाही. चार पायांच्या जनावराला ती सूट नाही. नॉर्वेत हार्डांगरविडा पठारावर ऑगस्ट २०१६ मध्ये एका वादळात ३२३ रेनडियर एकाच ठिकाणी मेलेले सापडले, वादळाला भिऊन खेटून उभे राहिले असणार, तेवढं पुरलं.

माणसांचंही असंच आहे. "अंगावर वीज पडली" म्हणतो आपण, पण या विषयावर काम केलेल्या डॉक्टरांचा अंदाज असा की थेट डोक्यावर पडून मरणारे शंभरात तीन ते पाच. निम्मे जातात जमिनीतून आलेल्याने, म्हणजे मोऱ्यासारखे. तिसरा हिस्सा झाडाखाली उभे राहिलेले, कारण वीज झाडातून उतरताना झाडाच्या ओल्या खोडापेक्षा शेजारचं मिठाच्या पाण्याने भरलेलं माणूस तिला सोपं वाटतं, ती मधूनच उडी मारते. आणि काहीजण तर निव्वळ त्या वर जाणाऱ्या धाग्याने, ज्याची जोड झालीच नाही त्यानेसुद्धा.

आपल्या देशात दर वर्षी अडीच हजारांच्या वर माणसं जातात विजेने. एनसीआरबी, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, २०२२ च्या आकड्यात २,८८७ आहेत, नैसर्गिक आपत्तीत गेलेल्यांतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाटा. पुराच्या, वादळाच्या बातम्या होतात, विजेची एकेकट्या माणसाची बातमी आतल्या पानावर चार ओळी. बिहारमध्ये २५ जून २०२० ला एका दिवसात ऐंशीच्या वर गेले तेव्हा कुठे देशभर झालं. जयपूरजवळ आमेर किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर ११ जुलै २०२१ ला ११ जण गेले, पाऊस बघायला, फोटो काढायला वर चढलेली तरुण पोरं होती त्यात. आणि आपल्याकडे बघा कोण असतं बळी, कापूस वेचणाऱ्या बायका, शेळ्या राखणारं पोरगं, सोयाबीन काढायला आलेले मजूर. कारण विजेचा हंगाम नेमका वळवाचा आणि परतीचा, म्हणजे पेरणीच्या तोंडावर आणि काढणीला, माणूस रानातच असतो आणि रानात आडोसा म्हणजे झाड. चार लाख मिळतात घरच्यांना. मिळतात, पण पंचनाम्याचे कागद जुळवताना त्या घरचं काय होतं ते बघितलंय मी.

आमच्या आजीकडे याचे तीन उपाय होते. आभाळ कडाडलं की दारातून कोयता अंगणात भिरकावायचा, अर्जुनाची नावं घ्यायची, आणि आत्याला घरात कोंडायचं. आत्या पायाळू, आणि पायाळू माणसावर वीज पडते हे सगळ्या गावाला पक्कं माहीत. आज विचार केला तर तिसरा उपाय शास्त्राप्रमाणे एकदम बरोबर, फक्त एकट्या आत्याला न कोंडता सगळ्यांनीच आत बसायला पाहिजे होतं. आम्ही बाकीची पोरं अंगणात गारा वेचत असायचो.

मोबाइलवर बोललं की वीज पडते हेही तसलंच, मोबाइल काही विजेला बोलावत नाही, चार्जिंगला लावलेला मात्र हातात धरू नका, कारण तो मग मोबाइल राहत नाही, तारेचं टोक होतो. रबरी चपलेचं तर बोलूच नका, जी वीज किलोमीटरभर हवा फोडून आली ती अर्धा इंच रबराला काय भीक घालणार. गाडीत माणूस वाचतो तो टायरमुळे नाही, पत्र्यामुळे. पत्रा चारी बाजूंनी असतो, करंट बाहेरून उतरतो, आत सगळं एकाच व्होल्टेजला, फरक नाही. म्हणून जीप चालेल, ट्रॅक्टर नाही, बाइक तर नाहीच.

हा "फरक" शब्द लक्षात ठेवा, आता राऊटर.

राऊटरला दोन तारा येतात. एक अडॅप्टरची, म्हणजे घरच्या लाइटची. दुसरी केबलवाल्याने गल्लीतल्या खांबांवरून ओढत आणलेली नेटची, आमच्याकडे अजून तांब्याचीच आहे. सेटटॉप बॉक्सचंही तेच, एक बाजू लाइटची, दुसरी गच्चीवरच्या छत्रीची. जवळपास वीज पडली की या दोन्ही वाटांवर वेगवेगळं व्होल्टेज चढतं, एक वाट गल्लीच्या टोकाच्या जमिनीशी बांधलेली, दुसरी आपल्या अर्थिंगशी, आणि त्या दोन डोंगरांच्या दोन उंचींच्या मध्ये बिचारा प्लॅस्टिकचा डबा. पुढचे पाय चढावर, मागचे उतारावर. राऊटर म्हणजे मोऱ्या. आणि मिक्सरला एकच तार येते, त्यामुळे तो तांबड्यासारखा उभा राहिला. बोअरचा स्टार्टर गेला कारण मोटर जमिनीत तीनशे फुटांवर पाण्यात बसलेली, खरी पक्की अर्थिंग तिचीच, आणि स्टार्टर वर.

त्यामुळे "आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे", "एमसीबी आहे की" हे सांगू नका. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पडायला सेकंदाचा शंभरावा भाग तरी घेते, तोवर वीज येऊन, काम करून, चहा पिऊन गेलेली असते. खात्रीचा उपाय म्हणजे आभाळ आलं की प्लग काढणे, आणि दोन्ही काढणे, लाइटचा पण आणि केबलचा पण. लोक लाइटचा काढतात आणि केबल तशीच ठेवतात. पण कडकडाट सुरू झाल्यावर नका जाऊ काढायला, तेव्हा राऊटर गेला तर जाऊ दे.

दुसरा उपाय एसपीडी (सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस), मीटरजवळच्या बोर्डात बसतो, आम्ही पॅनलमध्ये रोज लावतो. काम एकच, नेहमीच्या व्होल्टेजला गप्प बसायचं आणि व्होल्टेज एकदम चढलं की फेज, न्यूट्रल, अर्थ या सगळ्यांना क्षणभर एकमेकांशी बांधून टाकायचं. वीज अडवायची नाही, फरक मारायचा. आणि इथे नव्वद टक्के वायरमन काय करतात, एसपीडी बसवतात भिंतीवर लांब, आणि त्याला दोन-दोन मीटर वायर, छान गोल वळणं देऊन, टाय मारून, दिसायला एकदम देखणी. झालं, गेला एसपीडीचा उपयोग. सरळ वायरलासुद्धा मीटरमागे साधारण एक मायक्रोहेन्री इंडक्टन्स असतो, म्हणजे करंट एकदम चढायला लागला की आडवं येण्याचा गुण, एरवी त्याला कोणी विचारत नाही, पण करंट जर एका मायक्रोसेकंदात दहा हजार अँपिअरने चढत असेल तर त्या एका मीटर वायरवर दहा हजार व्होल्ट उभे राहतात. घरात एवढा येत नाही हे खरं, दहावा हिस्सा आला तरी मीटरमागे हजार व्होल्ट, टीव्हीला पुष्कळ झाले. म्हणून वायर अर्ध्या मीटरच्या आत, सरळ, कुरूप. इमारतीच्या गच्चीवरून खाली येणाऱ्या पट्टीचंही तेच, तिला काटकोनी वळणं आणि वळसे नकोत, वीज वळणावर वळत नाही, सरळ भिंतीत उडी मारते.

आता डीपी. हे खातं अण्णांचं.

अण्णा सांगतात, जूनचा पहिला पाऊस म्हणजे लाइनमनच्या घरची दिवाळी, फक्त उलटी, फटाके दुसरीकडे आणि धावपळ आपली. उन्हाने तापलेल्या चिनी मातीच्या पिन इन्सुलेटरला थंड पाणी लागलं की बारीक तडा जातो, त्यात विजेचा दणका, की पंक्चर. फीडर ट्रिप, म्हणजे त्या भागाची अख्खी लाइन बंद. मग रात्री बॅटरी घेऊन खांबाखांबाला बघत चालायचं, तडा बारीक, दिसता दिसत नाही. अकरा केव्हीच्या, म्हणजे अकरा हजार व्होल्टच्या, लाइनवर वीज थेट पडायची गरजच नसते, शंभर-दोनशे मीटरवर झाडावर पडली तरी तारेत लाखाच्या घरात व्होल्टेज उठू शकतं. आणि डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन असा झटका ७५,००० व्होल्टपर्यंतच सोसायच्या हिशोबाने बनवलेलं. तिथे वर ते तीन एलए असतात ना, लायटनिंग अरेस्टर, खालून बघितलं तर तीन जाड कणसं उभी केल्यासारखे दिसतात, त्यांचं काम तेच जे घरी एसपीडीचं. आत झिंक ऑक्साइडच्या चकत्या, एरवी इन्सुलेटर, झटका आला की वाट मोकळी करतात आणि तारेत व ट्रान्सफॉर्मरच्या टाकीत तीसेक हजार व्होल्टच्या वर फरक राहू देत नाहीत, झटका गेला की पुन्हा बंद. एलए खराब झाला की खालची शेपटी तुटून लोंबकळते, तशी मुद्दाम सोय केलेली असते, म्हणजे खालून चालणाऱ्या लाइनमनला दिसावं.

पण एलएला जमिनीपर्यंत नेणारी तार जागेवर पाहिजे. आमच्या गावच्या डीपीची ती तांब्याची पट्टी चोरांनी दोनदा नेली, किलोच्या भावाने विकली असणार. आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी कोण ओतणार, कुणीच नाही. पट्टी नसलेला एलए म्हणजे खांबावर टांगलेलं कणीस. त्यानंतर डीपी जळते, आठ-दहा दिवस दुसरी येत नाही, पाणी असून पिकं वाळतात, आणि सगळे लाइनमनला शिव्या घालतात. अण्णांनी आयुष्यभर खाल्ल्यात.

मोठ्या टॉवरलाइनचं गणित अजून मजेशीर. सगळ्यात वर जी बारीक तार दिसते तिच्यात लाइट नसते, ती अर्थ वायर, छत्री धरल्यासारखी, वीज आपल्या अंगावर घ्यायला. घेतलेली वीज टॉवरच्या पायातून जमिनीत. म्हणून टॉवरच्या पायाचा विरोध १० ओहमच्या आत ठेवायची धडपड असते. खडकावरचा टॉवर असेल, ५० ओहम भरला, तर तीस हजार अँपिअरला टॉवरच पंधरा लाख व्होल्टवर जाऊन बसतो, आणि मग वीज टॉवरवरून उलटी उडी मारून तारेवर जाते, इन्सुलेटरची माळ ओलांडून. राखणदारानेच घर फोडावं तसं. याला बॅक फ्लॅशओव्हर म्हणतात. अशा वेळी ब्रेकर, म्हणजे लाइन आपोआप तोडणारा मोठा स्विच, उघडतो, ठिणगी विझू देतो आणि सेकंदभरात स्वतःच पुन्हा लागतो, घरी आपल्याला दिवा मिणमिणल्यासारखा वाटतो तेव्हा पुष्कळदा तिकडे हे झालेलं असतं.

नेहमी इतक्यावर भागतं असंही नाही. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये विजेच्या तडाख्यांनी लाइनी एकामागून एक गेल्या आणि जवळजवळ अख्खं शहर दिवसभर अंधारात, लुटालूट झाली ती वेगळी. आणि अगदी अलीकडे, ९ ऑगस्ट २०१९ ला इंग्लंडमध्ये लंडनच्या उत्तरेला एका लाइनवर वीज पडली, लाइन सेकंदांत परत लागली, म्हणजे ठरल्याप्रमाणे सगळं झालं, पण त्या झटक्याने समुद्रातला एक मोठा पवनप्रकल्प आणि गॅसवरचं एक केंद्र दोन्ही घाबरून बाहेर पडले, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ४८.८ पर्यंत घसरली आणि दहा लाखांवर ग्राहकांची लाइट गेली, लोकल गाड्या तासन्‌तास रुळावर. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडंबी असंच हाय व्हय?" त्यांच्या चेहऱ्यावर थोडं समाधान होतं, खोटं कशाला बोलू.

माणसांसाठी मात्र असे ब्रेकर नाहीत. दामिनी अॅप आहे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने केलेलं, देशभर बसवलेले सेन्सर वीज कुठे पडतेय ते ऐकत असतात आणि आपल्या आसपास २०-४० किलोमीटरमध्ये विजा सुरू झाल्या की कळतं. मी अण्णांच्या आणि तात्यांच्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाकून दिलंय. रेंज नसेल तर मोजा, लखलखाट आणि आवाज यात तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर रान सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत जाऊ नका. पक्कं घर किंवा पत्र्याने बंद गाडी. पत्र्याची उघडी शेड, खोप, मांडव, हे पावसाला ठीक, विजेला नाही. काहीच नसेल तर झाडापासून लांब, एकमेकांपासून लांब, पाय जुळवून, खाली बसून, ही काही सुरक्षा नाही, नाइलाज आहे. आणि कुणाला लागलीच तर त्याच्या अंगात करंट राहत नाही, हात लावा, श्वास बघा, नसेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन. शेणात पुरणे वगैरे प्रकार अजून चालतात काही भागात, त्यात जी पाच मिनिटं जातात तीच खरी त्याची असतात.

ग्रामपंचायतीवर बसवायच्या एका महागड्या वीज अटकाव यंत्रणेबद्दलही गावात चर्चा झाली. अठराव्या शतकात अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने सांगितलेली साधी टोकदार सळई, जाड पट्टी आणि नीट अर्थिंग, हे आजही तितकंच चालतं, पण ते इमारत राखतं, ढोबळ हिशोबाने जेवढी उंची तेवढाच आजूबाजूचा घेर. एकच खांब शंभर मीटरचा परिसर राखतो असं कोणी ब्रोशर दाखवलं तर मी तरी पैसे देणार नाही, आयईसीच्या ६२३०५ या विजेपासून बचावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात असल्या जास्तीच्या घेराला जागा नाही.

दिवाळीला पुन्हा गेलो तेव्हा पिशवीत एसपीडी घेऊन गेलो. गावातल्या पोराला बसवायला लावला, त्याने नेहमीप्रमाणे छान वळणं घातली, मी कापून वीतभर सरळ वायर ठेवली. "दादा, दिसायला लई घाण दिसलालंय", तो. नेटच्या तारेला वेगळा प्रोटेक्टर लावून त्याची अर्थ त्याच पट्टीला बांधली.

संध्याकाळी तात्यांकडे गेलो. लिंब एका अंगाने वरपासून खालपर्यंत सोललेला, साल उडून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं, बाकी अर्ध्याला पालवी. मी काडीने मातीत वर्तुळं काढून दाखवली, हे झाड, इथे मोऱ्याचे पुढचे पाय, इथे मागचे, इथे तांबड्या. तात्यांनी उकिडवं बसून सगळं नीट ऐकलं, मध्ये एकदा स्वतःच बोटाने एक वर्तुळ काढून पाहिलं. मग विचारलं, मग आता खुंट कसा ठोकू, आडवा? मी म्हटलं आडवा-उभा काही नाही तात्या, झाडाखाली बांधायचंच नाही, लांब बांधा, तीस-चाळीस मीटर तरी.

त्यांनी मान वर करून सगळ्या शिवारावरून नजर फिरवली. त्या अख्ख्या तुकड्यात झाड तेवढं एकच आहे.

"आन् सावली रे?"